नकाशा वाचायचा कसा? बंगळुरूच्या पठारावरून भूगोलाचे काही शब्द

४ सप्टेंबर २०२२ च्या रात्री बंगळुरूत १३० मिलीमीटरहून अधिक पाऊस कोसळला. दुसऱ्या दिवशी माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचे कर्मचारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहून कामावर जात असल्याची छायाचित्रे देशभर झळकली. बेळंदूर, यमलूर, सर्जापूर रस्ता या भागांतील उंची बंगल्यांच्या वसाहतींतून रहिवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेल्या, एकही मोठी नदी नसलेल्या शहरात पूर येतोच कसा, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला.

या प्रश्नाचे उत्तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या छापील नकाशांवर कित्येक दशके उपलब्ध होते. ते वाचण्यासाठी लागणारे ज्ञान शालेय भूगोलाच्या पुस्तकापलीकडचे नाही. अक्षांश, प्रमाण, सांकेतिक चिन्हे, समोच्च रेषा, जलविभाजक हे शब्द परीक्षेपुरते पाठ केले जातात आणि मग विस्मृतीत जातात. पुढे घरासाठी भूखंड पाहण्याची वेळ येते, तेव्हा त्यांतला एकही आठवत नाही. या शब्दांचा अर्थ एकाच शहराच्या आधारे पाहिला, तर तो लवकर उलगडतो.

कोन वेगळा, रेषा वेगळी

बंगळुरूचे स्थान साधारणपणे १२ अंश ५८ मिनिटे उत्तर अक्षांश आणि ७७ अंश ३५ मिनिटे पूर्व रेखांश असे सांगितले जाते. येथे मराठीने एक सोय करून ठेवली आहे. इंग्रजीत पुष्कळदा एकाच शब्दाने वेळ मारून नेली जाते. मराठी पाठ्यपुस्तके मात्र अक्षांश आणि अक्षवृत्त यांत फरक करतात. अक्षांश हा कोन आहे. पृथ्वीच्या केंद्रापाशी विषुववृत्ताच्या प्रतलापासून एखादे ठिकाण किती अंशांवर आहे, ते तो सांगतो. समान अक्षांशाची सर्व ठिकाणे जोडणारी काल्पनिक रेषा म्हणजे अक्षवृत्त. रेखांश आणि रेखावृत्त यांचेही तसेच आहे. मात्र अक्षवृत्त हे पूर्ण वर्तुळ असते, तर रेखावृत्त ध्रुवापासून ध्रुवापर्यंतचे अर्धवर्तुळ. त्यामुळे सर्व रेखावृत्ते सारख्या लांबीची असतात आणि अक्षवृत्ते विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे लहान होत जातात.

एक अंश अक्षांश म्हणजे जमिनीवर साधारण १११ किलोमीटर. रेखांशाच्या एका अंशाचे अंतर मात्र ठिकाणानुसार बदलते. बंगळुरूच्या अक्षवृत्तावर ते सुमारे १०८ किलोमीटर भरते, ६० अंश उत्तरेला ते निम्म्यावर येते आणि ध्रुवावर शून्य होते. या एवढ्या माहितीवर मुंबई आणि बंगळुरू यांमधील सरळ अंतर कागदावर काढता येते. दोन शहरांच्या अक्षांशांत सुमारे सहा अंशांचा आणि रेखांशांत पावणेपाच अंशांचा फरक आहे. त्यांचे किलोमीटर करून काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढला की उत्तर ८४० ते ८५० किलोमीटरच्या घरात येते. रस्त्याने हेच अंतर साडेनऊशेच्या पुढे जाते. घाट आणि वळणे यांचा हिशेब त्रिकोणात नसतो.

अक्षांश सारखा असला म्हणजे हवामान सारखे, असा समज मुलांच्या मनात सहज रुजतो. मंगळुरू, बंगळुरू आणि चेन्नई ही तीन शहरे जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर आहेत. त्यांतील पहिले आणि तिसरे समुद्रकिनारी, तर मधले पठारावर. हजार मीटर वर चढल्यास तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सियसने उतरते. बंगळुरूची उंची ९०० मीटरच्या आसपास असल्याने तेथे सुमारे सहा अंशांचा फरक पडतो. मे महिन्यात चेन्नईकर घामाघूम होतात आणि बंगळुरूत रात्री पंख्याशिवाय झोपता येते, किंवा निदान पूर्वी तरी येत असे.

अक्षांश मोजायला उपग्रह लागतोच असे नाही. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास, म्हणजे विषुवदिनी, एक मीटर उंचीची काठी मोकळ्या जागी ओळंब्यात उभी करावी आणि दुपारी तिची सर्वांत आखूड सावली मोजावी. बंगळुरूत ती सुमारे २३ सेंटीमीटर भरते, मुंबईत ३४ सेंटीमीटर. उभा काठीचा आणि आडवा सावलीचा असा त्रिकोण कागदावर काढून कोनमापकाने माथ्यावरचा कोन मोजला की अनुक्रमे १३ आणि १९ अंश मिळतात. तोच त्या गावाचा अक्षांश. २४-२५ एप्रिल आणि १८ ऑगस्टच्या सुमारास तर बंगळुरूत दुपारी काठीची सावली नाहीशीच होते, कारण सूर्य बरोबर डोक्यावर येतो. महाराष्ट्र संपूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने राज्यातील प्रत्येक गावाला वर्षातून दोनदा हा अनुभव मिळतो. दिल्लीला तो कधीच मिळत नाही.

मात्र ही सावली घड्याळातल्या बारा वाजता पाहू नये. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व या रेखावृत्तावरून ठरते. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. बंगळुरू त्या रेखावृत्ताच्या पावणेपाच ते पाच अंश पश्चिमेला असल्याने तेथील मध्यान्ह सरासरी १२ वाजून २० मिनिटांनी होते, मुंबईतील त्याहून एकोणीस मिनिटे उशिरा. ऋतूनुसार यात काही मिनिटांचा आणखी फरक पडतो. प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली, तरी मुंबईने आपली ३९ मिनिटे मागे असलेली स्थानिक वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती.

५७ एच/९ म्हणजे काय?

स्थलनिर्देशक नकाशाच्या कोपऱ्यावर ‘५७ एच/९’ असा क्रमांक छापलेला आढळतो. पुष्कळांना तो सरकारी फायलीचा क्रमांक वाटतो. प्रत्यक्षात तो पत्ता आहे. भारत आणि शेजारच्या प्रदेशाचे चार अंश रुंद व चार अंश उंच असे चौकोन पाडून त्यांना क्रमांक दिलेले आहेत. १२ ते १६ अंश उत्तर आणि ७६ ते ८० अंश पूर्व हा चौकोन म्हणजे क्रमांक ५७. त्याचे एकेका अंशाचे सोळा भाग केले आणि त्यांना ए ते पी ही इंग्रजी अक्षरे दिली. अक्षरे वायव्येच्या कोपऱ्यापासून सुरू होऊन वरून खाली उतरतात, मग पुढच्या स्तंभाच्या माथ्यावर जातात. एच हा दुसऱ्या स्तंभातील सर्वांत खालचा भाग, म्हणजे १२ ते १३ अंश उत्तर आणि ७७ ते ७८ अंश पूर्व. त्याचेही पुन्हा सोळा तुकडे, प्रत्येक १५ मिनिटांचा. नववा तुकडा तिसऱ्या स्तंभाच्या माथ्यावर येतो आणि बंगळुरूचा जुना भाग त्यातच सापडतो. १३ अंशांची रेषा ओलांडून शहर उत्तरेकडे पसरले आहे, तो भाग वरच्या ५७ जी/१२ या नकाशात पाहावा लागतो.

हीच पायरी-पायरीची रीत वापरून कोणतेही गाव शोधता येते. पुणे ४७ एफ/१४ मध्ये येते, नागपूर ५५ ओ मध्ये. आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश घेऊन त्याचा नकाशा क्रमांक काढायला सांगणे, हा शिक्षकांना वर्गात देता येण्याजोगा उत्तम स्वाध्याय आहे. त्यात पाठांतर अजिबात नाही.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नकाशांच्या दोन मालिका झाल्या, एक संरक्षण दलांसाठी आणि दुसरी सर्वांसाठी खुली. खुल्या मालिकेची क्रमांकपद्धती निराळी आहे. जुने क्रमांक मात्र अभ्यासकांच्या तोंडी अजूनही टिकून आहेत.

प्रमाणाचा घोळ

नकाशातील दोन बिंदूंमधील अंतर आणि जमिनीवरील त्याच दोन ठिकाणांमधील प्रत्यक्ष अंतर यांचे गुणोत्तर म्हणजे प्रमाण. ते तीन प्रकारे दिले जाते. ‘एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर’ हे शब्दप्रमाण, १:५०,००० हे संख्याप्रमाण आणि नकाशाखाली आखलेली भागांची पट्टी हे रेषाप्रमाण. ५७ एच/९ चे प्रमाण १:५०,००० आहे. म्हणजे त्यावरील दोन सेंटीमीटर जमिनीवरचा एक किलोमीटर दाखवतात आणि पंधरा मिनिटांचा सुमारे साडेसत्तावीस किलोमीटरचा पट्टा कागदावर ५५ सेंटीमीटर उंचीत मावतो.

तिन्ही प्रकार सारखेच खरे असले, तरी सारखेच टिकाऊ नाहीत. नकाशाची छायाप्रत मोठी किंवा लहान करून काढली की शब्दप्रमाण आणि संख्याप्रमाण तत्काळ खोटे ठरतात, कारण छापलेले आकडे बदलत नाहीत. रेषाप्रमाण मात्र नकाशाबरोबरच ताणले किंवा आकसले जाते आणि खरेच राहते. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बोटांनी नकाशा मोठा करताना कोपऱ्यातली छोटी पट्टी बदलत राहते, ती याच कारणासाठी दिलेली असते.

वृत्तपत्रांतही हमखास चुकणारी आणखी एक जोडी आहे. बृहत्प्रमाण नकाशा थोडा प्रदेश तपशिलाने दाखवतो, लघुप्रमाण नकाशा मोठा प्रदेश थोडक्यात. एका मोहल्ल्याचा नकाशा बृहत्प्रमाण, तर भिंतीवरचा जगाचा नकाशा लघुप्रमाण. गुणोत्तर अपूर्णांक म्हणून वाचले की गोंधळ मिटतो. एक भागिले पाच हजार ही संख्या एक भागिले एक कोटीपेक्षा मोठी आहे.

वारे कुठून, नदी कुठे

उपदिशांसाठी मराठीत स्वतंत्र नावे आहेत. ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य, वायव्य. इंग्रजीतल्या जोडशब्दांपेक्षा ती सुटसुटीत असली, तरी शब्दावरून दिशा कळत नसल्याने मुले चाचपडतात. त्यात वाऱ्यांच्या नावांची भर. नैर्ऋत्य मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात, म्हणजे ईशान्येकडे जातात. नदीविषयी बोलताना मात्र ती जिकडे जाते ती दिशा सांगितली जाते. बंगळुरूची वृषभावती नैर्ऋत्येकडे वाहते असे म्हटले, तर ती नैर्ऋत्येकडून येत नाही. वाऱ्याला उगमावरून ओळखायचे आणि पाण्याला मुक्कामावरून, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

होकायंत्राची सुई भौगोलिक उत्तर दाखवत नाही, चुंबकीय उत्तर दाखवते. या दोहोंमधील फरक दक्षिण भारतात एक-दोन अंशांचाच आहे. शालेय कामासाठी तो सोडून दिला तरी चालते.

समोच्च रेषा आणि न दिसणारा कणा

समुद्रसपाटीपासून समान उंची असलेल्या ठिकाणांना जोडणारी रेषा म्हणजे समोच्च रेषा. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर या रेषा तपकिरी रंगात आणि साधारणतः वीस मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. त्या एकमेकींच्या जवळ आल्या की उतार तीव्र, दूर गेल्या की उतार मंद. बंगळुरूजवळील नंदी डोंगराचा माथा १,४७८ मीटरवर आहे. तेथे या रेषा इतक्या दाटतात की त्या डोळ्यांनी मोजणे अवघड होते. सावनदुर्गच्या उघड्या खडकाभोवतीही तसेच चित्र आहे. शहरात मात्र दोन रेषांमध्ये अख्ख्या वसाहती सामावलेल्या दिसतात.

समोच्च रेषा वाकते तेव्हा तिचे टोक कोणीकडे आहे, हे पाहणे महत्त्वाचे. टोक चढाकडे, म्हणजे जास्त उंचीच्या आकड्याकडे असेल, तर तेथे दरी किंवा ओढा असतो. टोक उताराकडे असेल, तर ती डोंगराची सोंड. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना सोंड आणि घळ यांतला फरक पायांनी कळतो. नकाशावर तो रेषेच्या वळणावरून कळतो.

या रीतीने बंगळुरूचा नकाशा पाहिला की एक गोष्ट स्पष्ट होते. शहर सपाट पठारावर नसून एका बुटक्या, रुंद कण्यावर बसलेले आहे. साधारणपणे उत्तर-दक्षिण जाणारा हा उंचवटा रस्त्याने फिरताना जाणवतही नाही. परंतु त्याच्या दोन बाजूंचे पाणी दोन वेगळ्या नद्यांना मिळते. पश्चिमेकडचे पाणी वृषभावतीत, तेथून अर्कावतीत आणि संगम येथे कावेरीत जाते. पूर्वेकडचे पाणी कोरमंगला-चल्लघट्टा आणि हेब्बाळ या खोऱ्यांतून दक्षिण पिनाकिनीकडे जाते. तमिळनाडूत हीच नदी तेनपेण्णै म्हणून ओळखली जाते आणि कडलूरजवळ समुद्राला मिळते. शेजारी-शेजारी पडलेले पावसाचे दोन थेंब बंगालच्या उपसागरातच पोहोचतात, मात्र एक कावेरीच्या मुखातून आणि दुसरा तिच्या उत्तरेला.

पाण्याची अशी वाटणी करणाऱ्या रेषेला जलविभाजक म्हणतात. महाराष्ट्रातील वाचकांना याचे ठळक उदाहरण लोणावळा-खंडाळा परिसरात सापडेल. तेथून इंद्रायणी पूर्वेकडे भीमेला भेटायला जाते, तर उल्हास पश्चिमेकडे अरबी समुद्राकडे. येथे भाषांतराचा एक सापळा आहे. इंग्रजीतील ‘वॉटरशेड’ हा शब्द कधी ही विभागणारी रेषा दाखवतो, कधी तिच्या एका बाजूचे सारे क्षेत्र. मराठीत त्या क्षेत्राला पाणलोट क्षेत्र हा स्वतंत्र शब्द आहे आणि गावोगावच्या जलसंधारणाच्या कामांमुळे तो सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. पाणलोट क्षेत्र म्हणजे आवार आणि जलविभाजक म्हणजे त्याचे कुंपण, असे म्हणता येईल.

कण्यावर वसलेल्या शहराला नदी नसते, यात नवल नाही. नद्या उंचवट्यावरून निघतात, उंचवट्यावर येत नाहीत. म्हणूनच आजही बंगळुरूला कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून तीन टप्प्यांत उपसून शेकडो मीटर वर चढवावे लागते. १५३७ साली केम्पेगौडा यांनी शहर वसवले, त्या काळी हा मार्ग उपलब्ध नव्हता. त्यामुळे पावसाचेच पाणी अडवणे भाग होते. दऱ्यांच्या तोंडाशी मातीचे बांध घालून तलाव केले गेले. १६३८ नंतर शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आले, तेव्हाही ते या तलावांवरच जगत होते.

तलावाची सरळ बाजू

या तलावांना कन्नडमध्ये केरे म्हणतात. नकाशावर त्यांचा आकार लक्षपूर्वक पाहावा. नैसर्गिक सरोवर सर्व बाजूंनी वेडेवाकडे असते. बांधून काढलेल्या तलावाची एक बाजू मात्र सरळ किंवा किंचित कमानदार दिसते, आणि समोरच्या बाजूला पाण्याची बोटे आत शिरलेली असतात. सरळ बाजू म्हणजे बांध. तो नेहमी उताराकडच्या अंगाला असतो. समोच्च रेषा पुसट झाल्या असल्या, तरी केवळ या बांधावरून पाणी कोणीकडे वाहते ते सांगता येते.

आणखी एक खूण आहे. एका तलावाच्या बांधाखालून निघालेली बारीक रेषा खालच्या तलावाच्या बोटांत जाऊन मिळते, तेथून पुढच्या तलावात, अशी साखळी तयार होते. वरचा तलाव भरला की त्याचे जादा पाणी खालच्यात. या जोडकालव्यांना बंगळुरूत राजकालुवे म्हणतात. बेळंदूर आणि वर्तूर हे मोठे तलाव अशा साखळीच्या शेवटच्या टप्प्यावर, दक्षिण पिनाकिनीच्या अलीकडे आहेत. शहराच्या पूर्व-आग्नेय भागाचे पाणी अखेर त्यांच्यातच उतरते. सप्टेंबर २०२२ मध्ये होड्या नेमक्या याच परिसरात चालवाव्या लागल्या.

रंगांबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. शाळेत ‘निळा म्हणजे पाणी’ असे शिकवले जाते आणि ते बरोबरच आहे. तपकिरी समोच्च रेषा, हिरवे जंगल, पिवळी शेती, तांबडे रस्ते आणि वस्ती हेही ठीक. परंतु सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत वर्षाचा बराच काळ कोरडे राहणारे ओढे-नाले काळ्या रंगात दाखवतात. दख्खनच्या पठारावरचे बहुसंख्य ओढे याच प्रकारचे. केवळ निळी रेषा शोधणारा माणूस त्यांना पायवाट समजून पुढे जातो. भूखंड विकणाऱ्याने उन्हाळ्यात दाखवलेली कोरडी, झुडपांची पट्टी प्रत्यक्षात जुन्या नकाशावरची काळी रेषा असू शकते. ती वर्षातले काही दिवसच वाहते, पण त्या दिवसांत तिला वाट लागतेच.

जुना आणि नवा नकाशा शेजारी ठेवला की शहराचा इतिहासही वाचता येतो. मॅजेस्टिक परिसरातील केम्पेगौडा बसस्थानक धर्मांबुधी तलावाच्या पात्रात उभे आहे. कंठीरव क्रीडागार जेथे आहे, तेथे संपंगी तलाव होता. जुन्या नकाशावर ‘टँक’ असा शब्द आणि बांधाची खूण, नव्यावर क्रीडागाराची लंबवर्तुळाकार आकृती. जमिनीचा उतार मात्र दोन्ही नकाशांत एकच आहे.

एका रेषेची मोजणी

या नकाशांचा पाया ज्या मोजणीवर उभा आहे, तिची सुरुवातही बंगळुरूतच झाली. १७९९ साली टिपू सुलतानाचा पराभव झाल्यावर ईस्ट इंडिया कंपनीला म्हैसूरचा प्रदेश मोजायचा होता. विल्यम लॅम्ब्टन या अधिकाऱ्याने १८०० साली बंगळुरूजवळ एक आधाररेषा मोजली. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्यावरचे दोन कोन माहीत असले की उरलेल्या दोन बाजू गणिताने मिळतात. मग त्यांतील प्रत्येक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. म्हणजे जमिनीवर साखळी टाकून फक्त पहिली रेषा मोजायची, पुढचा सारा देश कोनांनी मोजायचा. अर्थात ती पहिली रेषा चुकली, तर सगळेच चुकते.

म्हणून अधिक चांगली उपकरणे हाती आल्यावर लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासच्या सेंट थॉमस माउंटपाशी साडेसात मैलांची नवी आधाररेषा मोजली. शंभर फुटांची साखळी चारशे वेळा टाकून हे काम ५७ दिवसांत झाले. तेथून त्रिकोणांची मालिका पश्चिमेकडे सरकत १८०४ साली बंगळुरूला पोहोचली. आता पडताळा घ्यायचा होता. बंगळुरूत एक रेषा प्रत्यक्ष मोजण्यात आली आणि तिची मद्रासहून गणिताने आलेली लांबी तिच्याशी ताडून पाहिली. कित्येक मैलांच्या त्या रेषेत केवळ काही इंचांचा फरक निघाला. ज्या थिओडोलाइटने हे कोन मोजले, त्याचे वजन सुमारे अर्धा टन होते. पुढे १८०८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर चढवताना तो आदळून निकामी झाला आणि लॅम्ब्टनने स्वतः बसून तो दुरुस्त केला.

१८६८ मध्ये बंगळुरूची आधाररेषा पुन्हा नव्याने मोजली गेली. तिचे एक टोक आजच्या मेखरी सर्कलजवळ होते. केम्पेगौडांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चार मनोऱ्यांपैकी एक त्याच परिसरात आहे. मनोरा बांधणाऱ्यांना आणि मोजणी करणाऱ्यांना दोघांनाही चहूकडे नजर जाईल असा उंचवटा हवा होता, आणि तो एकच निघाला. दुसरा मनोरा लालबागेतील खडकावर आहे. सुमारे ३०० कोटी वर्षे वयाचा हा खडक राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारक आहे. शहराच्या उताराची प्राथमिक कल्पना यावी, असे वाटत असल्यास विद्यार्थ्यांनी एकदा त्यावर चढून पाहावे.

लॅम्ब्टनचा शेवट मात्र महाराष्ट्रात झाला. त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकत असताना २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे तो मरण पावला आणि तेथेच त्याचे दफन झाले. त्याच्या जागी आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टचे नाव जगातील सर्वोच्च शिखराला मिळाले. हिंगणघाटची कबर मात्र फारशी कुणाला माहीत नाही. नकाशा क्रमांक ५५ एल.

नकाशा काय सांगत नाही

वीस मीटर अंतराच्या समोच्च रेषांना एक मर्यादा आहे. ८८० आणि ९०० मीटरच्या रेषांमधील वसाहतीत दोन मीटरचा खड्डा असेल, तर तो या नकाशावर दिसणार नाही. आणि घरात गुडघाभर पाणी शिरायला दोन मीटरही लागत नाहीत. बातम्यांतून नेहमी ऐकू येणारा ‘सखल भाग’ हा शब्द अशा बारीक उतारांविषयी असतो. त्यासाठी अधिक मोठ्या प्रमाणाचे, एक मीटर किंवा त्याहून कमी अंतराच्या समोच्च रेषांचे नकाशे लागतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझ येथे ९४४ मिलीमीटर पाऊस पडला. त्यानंतर माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सत्यशोधन समितीनेही शहराचे असे तपशीलवार समोच्च नकाशे तयार करण्यावर भर दिला होता.

स्थलनिर्देशक नकाशा त्यामुळे निरुपयोगी ठरत नाही. खड्डा दिसला नाही तरी ओढ्याची रेषा, बांधाची बाजू आणि तलावांची साखळी दिसते, आणि प्राथमिक निर्णयासाठी तेवढे पुरते. जमीन खरेदी करताना सातबारा पाहणारे कुटुंब त्याच कष्टांत हेही पाहू शकते.

पूर्वी हे नकाशे मिळवणे जिकिरीचे होते. आता तसे राहिलेले नाही. खुल्या मालिकेतील १:५०,००० प्रमाणाचे नकाशे २०१७ पासून सर्वेक्षण विभागाने महाजालावर नागरिकांना विनामूल्य उतरवून घेण्यासाठी उपलब्ध केले. फेब्रुवारी २०२१ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांवरील नकाशानिर्मितीचे बहुतेक निर्बंध उठवले. शाळांनी आपल्या गावाचा नकाशा मोठ्या आकारात छापून भिंतीवर लावावा. मुलांनी त्यावर प्रथम स्वतःचे घर शोधावे, मग घराच्या सर्वांत जवळची काळी किंवा निळी रेषा, आणि मग त्या रेषेचे पाणी कोणत्या तलावाला किंवा नदीला मिळते, ते बोटाने रेषेवरून पुढे जात पाहावे.